क्रुसेडर किंग्ज ३ : बंड चोख, क्रुसेड अर्धीकच्ची

मध्ययुगीन युरोपातले जे सरदार अंगावर क्रॉस शिवून जेरुसलेमच्या वाटेला लागले, त्यांतल्या कितीतरी जणांनी घरी आपल्याच राजावरही तलवार उपसली होती. नॉर्मंडीचा रॉबर्ट आधी बापाशी लढला, मग पहिल्या क्रुसेडमध्ये, म्हणजे पोपच्या हाकेवरच्या धर्मयुद्धात, जेरुसलेमपर्यंत गेला. रॉबर्ट फिट्झवॉल्टर १२१५ साली इंग्लंडच्या बंडखोर सरदारांचा सेनापती होता आणि चार वर्षांनी तो क्रुसेडसाठी इजिप्तमध्ये, दमिएतासमोरच्या छावणीत होता. १२१५ च्याच बंडातला सेअर द क्विन्सी १२१९ मध्ये तिथे वारला. ब्रिटनीच्या पिएर मोक्लेरने फ्रान्सचा राजा नववा लुई लहान असताना राजमाता ब्लांशविरुद्ध बंडं केली, आणि १२३९ च्या क्रुसेडमध्येही तो होताच. यात योगायोग नाही. दोन्ही कामांना सामग्री एकच लागते. पगारी घोडेस्वार हवेत, नात्यातले सरदार हवेत, रोख पैसा हवा आणि मागे राहिलेली जहागीर सांभाळायला भरवशाचं माणूस हवं.

हे नागपूरकराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. रघुजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७४३ मध्ये तिथेच त्यांना नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी सामना करावा लागला. शेवटी शाहू महाराजांनी मध्यस्थी करून मुलूख वाटून दिले. पुढे जानोजींनी निजामाशी संधान बांधलं, १७६३ मध्ये पुणं जळालं, त्याच वर्षी राक्षसभुवनला जानोजी पुन्हा पेशव्यांच्या बाजूला आले आणि १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. लांबची मोहीम आणि धन्याशी वैर एकाच घरात कसं नांदतं, ते महालातल्या वाड्याच्या इतिहासात लिहिलेलं आहे.

स्वीडनच्या पॅराडॉक्सने १ सप्टेंबर २०२० रोजी काढलेला ‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा कॉम्प्युटर गेम याच माणसांचा आहे. त्यामुळे त्याला कसोटीही हीच लावायला हवी. एकच सरदार त्यात बंड आणि क्रुसेड दोन्ही करू शकतो का, आणि करताना त्याला त्या काळच्या अडचणी येतात का? बंडाच्या बाबतीत उत्तर जवळजवळ पूर्ण ‘हो’ असं आहे. क्रुसेडच्या बाबतीत अर्धंच.

आधी गेमचा पाया. इथे तुम्ही देश नसता, माणूस असता. काउंट, ड्यूक, राजा किंवा सम्राट यांपैकी कुणीही निवडता येतो. बॅरन निवडता येत नाही. तो माणूस मेला की वारसाच्या जागी बसून पुढे खेळायचं. वारस दुसऱ्या घराण्याचा निघाला किंवा हातात एकही जहागीर उरली नाही, तर मूळ गेममध्ये खेळ तिथेच संपतो. अंगी सहा गुण असतात: मुत्सद्देगिरी, युद्ध, कारभार, कारस्थान, विद्या आणि हातघाईचं कसब. स्वभावाविरुद्ध वागलात तर ताण वाढतो. दयाळू माणसाने कैद्याचा शिरच्छेद केला तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. ताणाचे तीन टप्पे आहेत, १००, २०० आणि ३००, आणि दर टप्प्याला माणूस काहीतरी कायमचं गमावतो किंवा वाईट सवय लावून घेतो. नवे खेळाडू याकडे दुर्लक्ष करतात आणि मग चाळिशीतला कर्तबगार ड्यूक अचानक का खचला, हे त्यांना कळत नाही.

सरावासाठी गेम तुम्हाला १०६६ च्या आयर्लंडमध्ये मन्स्टरच्या मुरखाडजवळ नेतो. तो सराव टाळू नका. तीन-चार तास जातात, पण लग्न, हक्क आणि लढाई यांचा संबंध तिथेच डोक्यात बसतो. ‘क्लेम’ म्हणजे हक्क, आणि हक्काशिवाय शेजाऱ्याच्या जमिनीवर सहसा चालून जाता येत नाही. हे विचित्र वाटत असेल तर देवगडच्या गोंड राजांचं उदाहरण घ्या. १७३९ मध्ये चांद सुलतान वारल्यावर वलीशाहने गादी बळकावली, राणीने आपल्या मुलांचा हक्क राखायला वऱ्हाडातून रघुजींना बोलावलं, आणि दुसऱ्याच्या हक्कासाठी आलेले रघुजी १७४३ पर्यंत स्वतःच मुलखाचे धनी झाले. गेममध्ये नेमकं हेच करता येतं. हक्क असलेल्या माणसाला दरबारात आसरा द्यायचा, त्याच्या नावाने युद्ध पुकारायचं, आणि जिंकल्यावर तो तुमचा मांडलिक राहील ना, हे युद्ध सुरू करण्याआधी पक्कं तपासायचं. ते न तपासता लढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. फौज तुमची मरते, पैसा तुमचा जातो आणि जिंकलेला मुलूख स्वतंत्र होऊन बसतो.

आयर्लंडनंतरचा डाव नॉर्मंडीचा विल्यम घेऊन मांडावा. १०६६ चा डाव १५ सप्टेंबरला सुरू होतो, इंग्लंडच्या गादीसाठी युद्ध आधीच पेटलेलं असतं, आणि नॉर्वेचा हाराल्डही त्याच गादीवर डोळा ठेवून उतरलेला असतो. इंग्लंडचा राजा हॅरल्ड आणि नॉर्वेचा हाराल्ड एकमेकांना झिजवेपर्यंत थांबायचं आणि मग दक्षिण किनाऱ्यावर उतरायचं. जहाजातून उतरल्यावर साधारण महिनाभर फौजेला लढाईत जबर तोटा असतो, म्हणून शत्रू जवळ असलेल्या किनाऱ्यावर कधीही उतरू नका. एक-दोन प्रांत दूर उतरा, महिना जाऊ द्या, मग भिडा.

खरी गंमत विल्यम मेल्यावर. सुरुवातीच्या काळात वारसाहक्क वाटणीचा असतो, सगळ्या मुलांत किताब वाटले जातात. इतिहासात १०८७ मध्ये असंच झालं. थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी, धाकट्या विल्यम रूफसला इंग्लंड आणि हेन्रीला रोख रक्कम. गेम मात्र मुख्य किताब नेहमी थोरल्याला देतो, त्यामुळे इथे रॉबर्टला इंग्लंडचा मुकुट मिळतो आणि भाऊबंदकीचा नकाशा उलटा होतो. खऱ्या रॉबर्टचं आयुष्य जसंच्या तसं जगायला मिळत नाही. ज्या बंडाने त्याची कहाणी सुरू झाली, तेही नाही. बाप नॉर्मंडीचा ताबा देत नाही म्हणून त्याने १०७७ च्या सुमारास बंड केलं आणि १०७९ च्या जानेवारीत जेर्बेरुआच्या लढाईत बापालाच घोड्यावरून पाडलं. मूळ गेममध्ये जमीन नसलेला मुलगा तुम्ही होऊच शकत नाही. भावांतलं वैर मात्र तंतोतंत उतरलं आहे. धाकट्या भावांकडे तुमच्या किताबांवर हक्क राहतो आणि पाच-दहा वर्षांत त्यांतला एक तरी उठतो.

वाटणीचा त्रास कमी करायचा असेल तर मुख्य किताबाच्या बरोबरीचा दुसरा किताब निर्माण करू नका. दोन राज्यं हातात ठेवून मेलात तर दुसरं राज्य धाकट्याकडे स्वतंत्रच जातं. काही मुलांना आधीच जमीन देऊन टाकली तर वाटणीत ती धरली जाते आणि तुमच्या राजधानीभोवतीचा मुलूख वाचतो. राजधानीची जहागीर थोरल्याकडेच राहते, म्हणून इमारतींवरचा खर्च आधी तिथे करा.

आता बंड. गेमचं सगळ्यात भक्कम अंग हेच. मांडलिक एकत्र येऊन गट करतात. कुणाला स्वातंत्र्य हवं असतं, कुणाला दुसरा माणूस गादीवर बसवायचा असतो, कुणाला राजाचे अधिकार एक पायरी खाली आणायचे असतात. गटाची एकूण लष्करी ताकद धन्याच्या ताकदीच्या ८० टक्क्यांवर गेली की असंतोष महिन्यागणिक वाढू लागतो. तो १०० ला पोचला की अंतिम मागणी येते. धन्याने ती नाकारली की युद्ध. इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजापुढे १२१५ मध्ये मागण्या ठेवल्या, आणि राजाने शब्द फिरवल्यावर फ्रान्सच्या युवराज लुईला गादीसाठी बोलावलं. गेममध्ये यातला पहिला भाग अधिकार-कपातीच्या गटाने होतो, दुसरा हक्कदाराच्या गटाने. दोन्ही वेगळे गट आहेत आणि एका माणसाला एका वेळी एकाच गटात राहता येतं, हे लक्षात ठेवून निवड करा.

बंड करणाऱ्याने पंचाऐंशी टक्के दिसले म्हणून उडी घेऊ नये. धन्याच्या मुलीबाळी कुठे दिल्या आहेत ते उघडून पाहा, कारण सोयरिकीतून आलेली दहा हजारांची फौज गणित उलटवते. धन्याचा खजिना पाहा. कर्जात गेलेल्या राजाचं खडं सैन्य नीट लढत नाही. तो दुसऱ्या युद्धात अडकला असेल तर त्याची फौज सीमेपर्यंत जाऊ द्या, मगच उठा. तुमच्याकडे किमान दोन वर्षं सैन्य पोसता येईल इतकं सोनं हवं, कारण युद्धाचा निकाल बहुतेक वेळा वेढ्यांनी लागतो आणि वेढे लांबतात. वेढ्याची यंत्रं सोबत नसतील तर एकेक गढी महिनोन्‌महिने खाते. दोन-तीन लढाया जिंकून पैसे संपलेले बंडखोर हरतात ते याच कारणाने. हरल्यावर कैद, आणि बहुधा किताबही जातो.

धन्याच्या बाजूने बसलात तर उपाय चार. धाक वाढवला की घाबरलेला मांडलिक गटात जात नाही. पण धाक दरवर्षी ओसरतो, आणि दयाळू स्वभावाच्या राजाला तो टिकवताना ताण चढतो. एखाद्याचं गुपित काढून त्याची दोरी पक्की हातात आली तर तोही गटात जाऊ शकत नाही. सर्वांत बलाढ्य मांडलिकाशी सोयरीक करून तह करा. आणि बलाढ्य मांडलिकांना कारभारी मंडळात जागा द्या, मग त्यांचं काम दुसऱ्यापेक्षा थोडं कमी सरस असलं तरी चालेल. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने परक्या नातलगांना जवळ केलं आणि सरदारांना दूर ठेवलं, त्याचा शेवट १२५८ च्या ऑक्सफर्डच्या तरतुदींत झाला. पंधरा जणांचं मंडळ राजाच्या डोक्यावर बसलं. गेममधली ‘मंडळात जागा नाही’ ही नाराजी उगाच ठेवलेली नाही.

इथे एक मोठी उणीव मात्र आहे. शत्रूचा मुख्य माणूस कैद झाला की गेममध्ये युद्धाचा निकाल लगेच १०० टक्के तुमच्या बाजूने लागतो. याच हेन्रीविरुद्धच्या बंडाचा म्होरक्या सायमन द माँटफर्टने १४ मे १२६४ ला ल्यूइसच्या लढाईनंतर खुद्द राजाला ताब्यात घेतलं, युवराज एडवर्डला ओलीस ठेवलं. गेमच्या हिशोबाने विषय संपला. प्रत्यक्षात खरी अडचण तिथून सुरू झाली. राजा हातात, मोहोर हातात, तरी सरदार एकेक करून दुरावले. ग्लॉस्टरचा गिल्बर्ट द क्लेअर फुटला. मे १२६५ मध्ये एडवर्ड निसटला. केनिलवर्थला सायमनच्या मुलाच्या फौजेवर अचानक छापा पडला, आणि ४ ऑगस्ट १२६५ ला ईव्हशॅमला सायमन मारला गेला. राजाला कैदेत ठेवून त्याच्याच नावाने राज्य चालवणं किती कठीण, हा सायमनच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आणि गेममध्ये तोच नाही. युद्ध सुरू झाल्यावर गटातला भिडू सहसा फुटतही नाही, त्यामुळे क्लेअरसारखा धोका तुमच्या वाट्याला येत नाही. बंड जमवणं अप्रतिम, बंड निभावणं उथळ, असं झालं आहे.

आता क्रुसेड. पोपने हाक दिली की तयारीचा काळ मिळतो. त्यात सामील होण्याचा शब्द द्यायचा, हवं तर युद्धनिधीत भर घालायची. शब्द देऊन गेला नाहीत तर पुण्य खर्ची पडतं, म्हणून घरचं युद्ध चालू असताना शब्द देऊ नका. दुसरी गोष्ट, लाभार्थी आधीच नेमून ठेवा. तुमच्याच घराण्यातला, जमीन नसलेला, तरुण, युद्धाचा गुण चांगला असलेला नातेवाईक शोधा. क्रुसेड यशस्वी झाली आणि तुमचा वाटा सर्वांत मोठा ठरला तर नवं राज्य त्याला मिळतं, आणि हवं तर तुम्ही पुढे त्याच्या भूमिकेत खेळू शकता. घाईत खेळणारे ही निवड गेमवर सोडतात आणि जेरुसलेमच्या गादीवर भलताच माणूस बसतो. वाटा लढायांनी आणि वेढ्यांनी वाढतो, नुसतं किनाऱ्यावर तळ ठोकून वाढत नाही.

समुद्रातून जायला फौजेच्या आकारानुसार सोनं लागतं. हा भाग पटतो, पण तो फार स्वस्त केला आहे. चौथ्या क्रुसेडच्या सरदारांनी व्हेनिसशी ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे नेण्याचा ८५,००० मार्कांचा करार केला. माणसं आली त्याच्या एक तृतीयांश, पैसे भरता आले नाहीत. म्हणून १२०२ मध्ये ख्रिस्ती झारा शहर लुटण्यात आलं आणि १२०४ मध्ये खुद्द कॉन्स्टँटिनोपल. झाराच्या वेळी नकार देऊन बाहेर पडलेल्यांत माँटफर्टचा बाप, थोरला सायमनही होता. तोच पुढे दक्षिण फ्रान्सवरच्या क्रुसेडचा नेता झाला आणि २५ जून १२१८ ला तुलूझच्या वेढ्यात दगड लागून मेला. कर्जामुळे मोहिमेची वाट बदलते, हे गेममध्ये कधीच घडत नाही.

गहाणही नाही, ही खंत मोठी आहे. रॉबर्टने १०९६ मध्ये अख्खी नॉर्मंडी भाऊ रूफसकडे १०,००० मार्कांना गहाण ठेवून क्रुसेडचा खर्च उभा केला. तो जेरुसलेम जिंकून परत आला तोवर रूफस मेला होता आणि धाकटा हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला होता. ११०१ ची स्वारी तहावर मिटली, ११०६ मध्ये तँशब्रेला रॉबर्ट पकडला गेला आणि उरलेलं आयुष्य, ११३४ पर्यंत, भावाच्या कैदेत गेलं. क्रुसेडला जाणारा सरदार घरी काय पणाला लावून जात होता, ते या एका व्यवहारात दिसतं. गेममध्ये सोनं कमी पडलं तर तुम्ही जातच नाही, किंवा थोडं कर्ज अंगावर घेऊन जाता. मागे राहिलेल्या भावाची भीती वाटावी असं काही पणाला लागत नाही.

मोहिमेत सर्वांत जास्त माणसं लढाईत मरत नाहीत, उपासमारीने मरतात. प्रत्येक प्रांताला रसद पुरवण्याची मर्यादा आहे. ती ओलांडली की फौजेचा साठा घटतो, साठा संपला की माणसं गळू लागतात. गेमकडून चालणारे मित्रराजे एकाच प्रांतात गर्दी करतात आणि वाळवंटात निम्मे होतात. त्यांच्या मागे जाऊ नका. तुमची फौज दोन-तीन भागांत विभागून शेजारच्या प्रांतांत ठेवा, लढाई लागली तरच एकत्र करा. शत्रूच्या मुख्य फौजेवर एकट्याने न जाता मित्र भिडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचा. खडं सैन्य निवडताना एकाच प्रकारावर पैसा लावू नका. भालाईत घोडदळाला रोखतात, जड पायदळ भालाइतांना, हलकं पायदळ जड पायदळाला, तिरंदाज हलक्या पायदळाला, आणि घोडदळ तिरंदाजांना. पूर्वेकडच्या फौजांत घोडदळ बरंच असतं, म्हणून भालाईत न्या. गावोगावची भरती संख्येला ठीक, निकालाला नाही.

नागपुरात खेळायचं तर मशीनचा विचार वेगळा करावा लागतो. या गेमला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, प्रोसेसर मात्र सतत राबतो, कारण हजारो माणसांचे निर्णय मागे चालू असतात. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेमच्या सर्वांत जलद, पाचव्या वेगावरही दिवस रेंगाळायला लागतात. वेग तीनवर आणा, सावल्या आणि पाण्याचे परिणाम बंद करा, आणि नकाशा दूर नेऊन कागदी रूपात ठेवा. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका, ती हवा दमट असते. आठ जीबी रॅमवर चालतो, पण दोनशे वर्षं पुढे गेल्यावर अडखळतो. बर्डीवरून सोळा जीबी करून घेतलेली बरी. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. आयर्नमॅन पद्धतीत एकच फाइल असते आणि ती लिहिली जात असताना लाईट गेली तर शंभर वर्षांचा डाव हातचा जाऊ शकतो. आयर्नमॅन नको असेल तर दर दहा वर्षांनी वेगळ्या नावाने डाव साठवा.

भाषेची अडचण खरी आहे. मराठी नाही, हिंदीही नाही, आणि वाचायला इंग्रजी मजकूर ढीगभर. बारावीच्या मुलाला तो झेपेल, आठवीतल्याला जड जाईल. खून, छळ, व्यभिचार हे विषय उघडपणे येतात, हेही घरात लहान मुलं असतील तर ध्यानात घ्यावं.

मूळ गेमला जोडायचे विकतचे भाग, म्हणजे जोडभाग, बरेच निघाले आहेत. सरदारांचं बंड आणि क्रुसेड हे दोन्ही मूळ गेममध्ये आहेत, त्यामुळे सुरुवातीला एकही जोडभाग घेऊ नये. नंतर घ्यायचाच तर २०२४ चा ‘रोड्स टू पॉवर’ आधी घ्या. त्यात जमीन नसलेला साहसी म्हणून फिरता येतं, म्हणजे जहागीर गमावल्यावरही खेळ संपत नाही, आणि ११७८ पासून सुरू होणारा डाव मिळतो, तिसऱ्या क्रुसेडच्या तोंडावरचा. २०२३ चा ‘वॉर्ड्स अँड वॉर्डन्स’ ओलिसांची पद्धत आणतो. माँटफर्टची गोष्ट मनात असेल तर त्याचा उपयोग आहे. ‘रॉयल कोर्ट’ दिसायला देखणा, पण दरबाराचं त्रिमितीय दृश्य जुन्या मशीनवर भार टाकतं. तो सेल लागेपर्यंत थांबू शकतो.